पुंज संगणन व महाराष्ट्र

पुंज संगणन : अणू, इलेक्ट्रॉन, फोटॉन यांसारख्या सूक्ष्म घटकांच्या किंवा त्यांच्याप्रमाणे वागणाऱ्या विद्युत् मंडलांच्या पुंजयामिकीय गुणधर्मांचा उपयोग करून गणनक्रिया करण्याच्या पद्धतीस पुंज संगणन असे म्हणतात. व्यवहारात ‘क्वांटम संगणन’ हे नाव अधिक रूढ आहे. या शास्त्राची मूळ कल्पना अमेरिका व इंग्लंड येथे विसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत आकारास आली. भारतात या विषयाचे प्रायोगिक कार्य मोजक्याच ठिकाणी चालते आणि त्यांतील मुंबई व पुणे ही दोन केंद्रे महाराष्ट्रात आहेत. या कार्याचा इतिहास राज्यातील आधीच्या संगणक-निर्मितीच्या व अणुऊर्जेच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत त्यांचाही विचार केला आहे.

तत्त्व : नेहमीच्या अंकीय संगणकात माहितीचा लघुतम घटक (बिट) ० किंवा १ यांपैकी एकाच अवस्थेत असतो. पुंज संगणकाचा घटक, म्हणजे क्यूबिट, हा मापन होईपर्यंत या दोन्ही अवस्थांच्या अध्यारोपणात राहू शकतो. अध्यारोपणातील प्रत्येक अवस्थेचा वाटा एका सदसत् संख्येने दर्शविला जातो आणि मापनात ती अवस्था आढळण्याची संभाव्यता या संख्येच्या परिमाणाच्या वर्गाइतकी असते. अनेक क्यूबिट परस्परांत गुंतविले असता त्यांचे वर्णन सुटे सुटे करता येत नाही, सर्वांचे मिळून एकच वर्णन करावे लागते. त्यासाठी लागणाऱ्या संख्या प्रत्येक क्यूबिटागणिक दुप्पट होतात. ६ क्यूबिटांना ६४ संख्या पुरतात, पण ५० क्यूबिटांना १,१२,५८,९९,९०,६८,४२,६२४ संख्या लागतात व एवढी माहिती साठविणे मोठ्यातील मोठ्या संगणकालाही जड जाते.

यावरून ‘पुंज संगणक सर्व शक्य उत्तरे एकाच वेळी काढतो’ असे विधान लोकप्रिय लेखनात वारंवार केले जाते. ते दिशाभूल करणारे आहे. मापन केले की अध्यारोपण संपते आणि एकच उत्तर हाती येते. तेही नको असलेले असू शकते. चुकीच्या उत्तरांकडे नेणाऱ्या तरंगांनी एकमेकांना खोडून काढावे व बरोबर उत्तराकडे नेणाऱ्यांनी एकमेकांस बळकटी द्यावी, अशी क्रियांची मांडणी करणे हेच या शास्त्रातील खरे कौशल्य होय. अशी मांडणी फार थोड्या प्रश्नांसाठी सापडली आहे. बाकीच्या प्रश्नांसाठी नेहमीचा संगणकच पुरेसा, किंबहुना अधिक सोयीचा, ठरतो.

सैद्धांतिक विकास : पॉल बेनिऑफ यांनी १९८० मध्ये पुंजयामिकीच्या नियमांनी चालणाऱ्या गणनयंत्राचे प्रतिमान मांडले. निसर्ग पुंजयामिकीय असल्याने त्याची नक्कल करणारे यंत्रही पुंजयामिकीय असावे, हा विचार रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये मॅसॅचूसेट्स येथील परिषदेत मांडला. डेव्हिड डॉइच यांनी १९८५ मध्ये सार्वत्रिक पुंज संगणकाची संकल्पना दिली. तरीही हा विषय काही वर्षे तात्त्विक कुतूहलाचाच राहिला. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मोठ्या संख्येचे अविभाज्य अवयव जलद काढण्याची पुंजयामिकीय रीती शोधल्यावर चित्र पालटले, कारण बँका, शासन व सैन्य यांच्या संदेशांची गुप्तता अवयव काढण्याच्या या अवघडपणावरच मोठ्या प्रमाणात आधारलेली होती. दिल्लीच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेचे पदवीधर लव्ह ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये बेल प्रयोगशाळेत असताना शोधाची रीती दिली. दहा लाख नावांच्या, क्रम न लावलेल्या यादीतून एक नाव शोधण्यास सामान्यतः सरासरीने पाच लाख नावे पाहावी लागतात. ग्रोव्हर यांच्या रीतीने हे काम सु. ८०० पायऱ्यांत होते.

प्रत्यक्ष यंत्रासाठी अनेक प्रकारचे क्यूबिट सुचविले गेले. त्यांत विद्युत् क्षेत्रात अडकवून ठेवलेले आयन, अतिशीत अणू, अणुकेंद्रांचे परिवलन, फोटॉन आणि अतिसंवाहक मंडले हे प्रमुख होत. यांपैकी शेवटच्या प्रकाराचा पाया ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये घातला. दोन अतिसंवाहकांमध्ये अत्यंत पातळ निरोधक थर ठेवला, तरी त्यातून विद्युत् दाबाशिवाय प्रवाह जाऊ शकतो, असे त्यांनी दाखविले [⟶ अतिसंवाहकता]. या संधीतून जास्तीत जास्त किती प्रवाह जाईल, याचे सूत्र विनय आंबेगावकर व अलेक्सिस बाराटॉफ यांनी १९६३ मध्ये दिले. भारतीय वंशाचे आंबेगावकर हे कॉर्नेल विद्यापीठात भौतिकीचे प्राध्यापक होते. १९८२ मध्ये त्यांनी एकर्न व शोन यांच्या समवेत अशा संधीचा सभोवतालच्या मंडलाशी संबंध आल्यावर तिच्या पुंजयामिकीय वर्तनात काय फरक पडतो, याचा सिद्धांत मांडला. पुंज संगणनाचे नावही रूढ नसताना झालेले हे कार्य आज प्रयोगशाळेत रोज उपयोगी पडते. क्यूबिट तयार झाल्यावर तो केवल शून्याजवळ थंड करून पाहण्यास दीर्घ काळ लागतो. त्याऐवजी सामान्य तापमानास संधीचा विद्युत् रोध मोजतात व आंबेगावकर-बाराटॉफ सूत्राने थंड अवस्थेतील क्यूबिटाची कंप्रता आधीच अजमावतात. सदोष नग यामुळे वेळीच बाजूला काढता येतात. मराठी आडनावाचे इतके दैनंदिन उपयोगातील सूत्र आधुनिक भौतिकीत क्वचितच आढळेल.

डोळ्यांना दिसू शकणारे विद्युत् मंडलही एखाद्या अणूसारखे वागते, हे जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे व जॉन मार्टिनिस यांनी १९८४–८५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात प्रयोगाने सिद्ध केले. त्यांना त्याबद्दल २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यांपैकी देव्होरे यांचा मुंबईतील कार्याशी गुरुपरंपरेने संबंध पोचतो.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : होमी जहांगीर भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च या संस्थेत १९५०–६० या दशकात रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली अंकीय संगणकाची रचना हाती घेण्यात आली. प्रायोगिक नमुना १९५६ मध्ये चालू झाला व पूर्ण यंत्र १९६० मध्ये उपयोगात आले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सु. २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम द्विप्रस्थ व १२,५०० रोधक होते. फेराइट गाभ्यांच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. हे यंत्र भारतात अभिकल्पिलेले व बांधलेले होते. तथापि ते पूर्ण होईपर्यंत परदेशात ट्रँझिस्टरांवर चालणारे संगणक आले होते व निर्वात नलिकांचा काळ मागे पडला होता. १९६४ मध्ये संस्थेने ‘सीडीसी ३६००’ हा अमेरिकन संगणक आणला आणि देशभरातील संशोधकांची गणिते त्यावर होऊ लागली. टिफ्रॅकचे काम पुढच्याच वर्षी थांबले.

टिफ्रॅकला उशिरा झालेला प्रयत्न म्हणून बाजूला सारण्याची प्रवृत्ती दिसते. ती योग्य नाही. संगणक आतून जाणणारी माणसांची एक पिढी त्यामुळे तयार झाली. आयात केलेल्या यंत्राने हे साधले नसते.

आयात केलेल्या यंत्रणेचा दुसरा अनुभव महाराष्ट्राला तारापूर येथे आला. त्या वेळच्या ठाणे व १ ऑगस्ट २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यातील, बोईसर रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस समुद्रकिनारी असलेले हे देशातील पहिले अणुवीज केंद्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने संपूर्ण उभारून दिले. त्यातील दोन एकके १९६९ मध्ये वीज देऊ लागली. उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या या अणुभट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते आणि ते अमेरिकेने पुरवावयाचे, असा १९६३ चा करार होता. १९७४ मधील पोखरण चाचणी व अमेरिकेचा १९७८ चा अण्वस्त्रप्रसारबंदी कायदा यांनंतर हा पुरवठा अडला. १९८२ मध्ये फ्रान्सशी समझोता होऊन केंद्राची अडचण तात्पुरती दूर झाली. यानंतर याच ठिकाणी बांधलेली, प्रत्येकी ५४० मेगॅवॉट क्षमतेची ३ व ४ ही एकके मात्र भारतीय अभिकल्पाची, नैसर्गिक युरेनियम व जड पाणी वापरणारी आहेत. ती अनुक्रमे २००६ व २००५ मध्ये कार्यान्वित झाली.

महासंगणकाच्या बाबतीतही असेच घडले. हवा मानासाठी हव्या त्या क्षमतेचा क्रे संगणक अमेरिकेकडून मिळाला नाही. १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले आणि मूळचे अकोला जिल्ह्यातील विजय भटकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्याची रचना व त्यावरील आज्ञावल्या येथील असल्या, तरी त्यातील ट्रान्सप्यूटर हे प्रक्रियक ब्रिटिश बनावटीचे होते, ही गोष्ट या यशाच्या वर्णनांत सहसा सांगितली जात नाही. स्वदेशी यंत्र म्हणजे त्याचा प्रत्येक भाग देशी, असे नसते. कोणता भाग कोणाकडून घ्यावयाचा व तो बंद पडल्यास काय करावयाचे, हे आधी ठरलेले असले म्हणजे झाले.

मुंबई येथील कार्य : अतिसंवाहक क्यूबिटाची कंप्रता सामान्यतः ५ गिगॅहर्ट्झच्या आसपास असते. या कंप्रतेच्या ऊर्जापुंजाइतकी उष्णताजन्य ऊर्जा ०.२४ केल्व्हिन तापमानास असते, म्हणून क्यूबिट त्याहून पुष्कळच थंड, म्हणजे सु. ०.०१ ते ०.०२ केल्व्हिनपर्यंत, ठेवावा लागतो. एरवी केवळ उष्णतेनेच तो ० वरून १ मध्ये जाईल व गणित बिघडेल. असे शीतन साधण्याची परंपरा टाटा इन्स्टिट्यूटमध्ये जुनी आहे. तेथील शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये बोरॉन व कार्बनयुक्त निकेल-संयुगांतील अतिसंवाहकता प्रसिद्ध केली. श्री. रामकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये शुद्ध बिस्मथाचा स्फटिक सामान्य दाबास ०.०००५३ केल्व्हिन तापमानाखाली अतिसंवाहक होतो, असे दाखविले. बिस्मथाविषयी हे अनेकांना अपेक्षित नव्हते.

याच संस्थेत आर्. विजयराघवन यांनी पुंज मापन व नियंत्रणाची प्रयोगशाळा उभारली. येल विद्यापीठात देव्होरे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी क्यूबिटाचे क्षीण संकेत वाचू शकणाऱ्या विवर्धकावर संशोधन केले होते. पुढे बर्कली येथे असताना सहकाऱ्यांसह त्यांनी २०११ मध्ये अतिसंवाहक क्यूबिटाने एका अवस्थेतून दुसरीत घेतलेल्या उड्या प्रत्यक्ष घडत असता टिपल्या. २०१२ मध्ये मापनाच्या आधारे क्यूबिटास सतत दुरुस्त करीत राहून त्याची आंदोलने टिकवून धरण्याचा प्रयोग त्यांनी प्रसिद्ध केला. मुंबईतील गटाने तीन क्यूबिट एकाच मंडलात एकवटलेली ‘ट्रायमॉन’ ही रचना विकसित केली. सामान्य रचनेत शेजारच्या दोन क्यूबिटांमध्येच सरळ क्रिया घडविता येते. ट्रायमॉनमध्ये मात्र प्रत्येक जोडीत परस्परक्रिया असते, त्यामुळे गणितातील पायऱ्या कमी होतात.

याच संस्थेतील मंदार देशमुख हे अतिसूक्ष्म इलेक्ट्रॉनीय रचनांवर काम करतात. त्यांचा गट व विजयराघवन यांनी मिळून कार्बनाच्या एका अणूइतक्या जाडीच्या थराची, म्हणजे ग्रॅफिनाची, जोसेफसन संधी करून तिच्यापासून सूक्ष्मतरंग विवर्धक बनविला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. विवर्धकाने संकेतात घातलेला गोंगाट पुंजयामिकीने घालून दिलेल्या किमान मर्यादेच्या निकट होता. क्यूबिटावर क्रिया करणे जितके कठीण, तितकेच त्याचे उत्तर ऐकणेही कठीण असते, हे लक्षात घेतले म्हणजे अशा साधनाचे महत्त्व कळते.

२८ ऑगस्ट २०२४ रोजी ६ क्यूबिटांच्या अतिसंवाहक प्रक्रियकाची संपूर्ण चाचणी पार पडल्याचे जाहीर झाले. क्यूबिटांचे अभिकल्पन व निर्मिती टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, तेथेच शोधलेल्या वलयाकार अनुस्पंदकाच्या रचनेनुसार झाली. नियंत्रण व मापनाची सामग्री संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या पुणे येथील तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने जुळविली आणि दुरून आज्ञा देण्याची व्यवस्था टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने तयार केली. या प्रक्रियकाची अवस्था ६४ संख्यांनी लिहिता येते. टिफ्रॅकच्या २,०४८ शब्दांत, प्रत्येक सदसत् संख्येस दोन शब्द दिल्यास, १० क्यूबिटांची अवस्था बरोबर मावली असती. अर्थात नव्या यंत्राने केलेले गणित १९६० च्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे नाही. तरीही या दोन यंत्रांत एक साम्य आहे. दोन्हींचे महत्त्व त्यांनी सोडविलेल्या उदाहरणांत नसून ती बांधताना हाताला आलेल्या सवयीत आहे.

पुणे येथील कार्य : भारतात पुंज संगणनाचे प्रयोग प्रथम अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने सुरू झाले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अनिल कुमार हे त्यांचे प्रवर्तक होत. या पद्धतीत विद्रावातील रेणूंच्या अणुकेंद्रांचे परिवलन हेच क्यूबिट असतात व रेडिओ तरंगांच्या स्पंदांनी त्यांवर क्रिया करतात. रसायनशास्त्रज्ञांच्या परिचयाचे उपकरण वापरता येत असल्याने खर्च मर्यादित राहतो. क्यूबिटांची संख्या वाढविली की संकेत झपाट्याने क्षीण होतात, म्हणून मोठे यंत्र या मार्गाने होणार नाही, हे लवकरच कळून आले. सिद्धांतांची कसोटी घेण्यास मात्र हा मार्ग उत्तम ठरला. २००६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत टी. एस्. महेश यांनी या परंपरेचे कार्य चालविले. विक्रम आठल्ये, सौम्य सिंघ रॉय व महेश यांनी २०११ मध्ये अणुकेंद्रांच्या परिवलनावर लेगेट-गर्ग असमतेचा प्रयोग केला. वस्तू पाहिली नाही, तरी ती एका निश्चित अवस्थेत असतेच, या सामान्य समजुतीची ही असमता परीक्षा घेते. परिवलनाने ती मोडली. याच संस्थेत उमाकांत रापोल यांचा गट लेसरांनी थंड केलेल्या अणूंवर काम करतो. २०२० पासून तेथे पुंज तंत्रविद्येचे केंद्रही आहे.

राष्ट्रीय अभियान : केंद्र शासनाने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय पुंज अभियान २०३०–३१ पर्यंतच्या मुदतीसाठी मंजूर केले. आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटांची यंत्रे करणे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. अभियानाची चार केंद्रे ठरली. त्यांत संगणनाचे केंद्र बंगलोरला, तर पुंज संवेदन व मापनाचे मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेला मिळाले. तेथे कस्तुरी साहा व सहकारी हिऱ्यातील नायट्रोजनयुक्त दोषांच्या साहाय्याने अतिक्षीण चुंबकीय क्षेत्रे मोजतात. बंगलोरमधील एका कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये २५ क्यूबिटांचे यंत्र जाहीर केले. अमेरिकेतील गूगल कंपनीच्या डिसेंबर २०२४ मधील प्रक्रियकात १०५ क्यूबिट होते आणि त्रुटी-दुरुस्तीसाठी क्यूबिटांचा समूह मोठा केल्यास त्रुटी कमी होतात, हे त्यावर प्रथमच स्पष्टपणे दिसले. केवळ क्यूबिटांची संख्या मोजण्यापेक्षा ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

उपयोग व अडचणी : पुंज संगणनाचा सर्वांत नैसर्गिक उपयोग रसायनशास्त्रात अपेक्षित आहे, कारण रेणूतील इलेक्ट्रॉन स्वतःच पुंजयामिकीने बांधलेले असतात. औषधे, रंगद्रव्ये व इतर रसायने तयार करणाऱ्या बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी एखादा नवा उत्प्रेरक कमी तापमानास व कमी सांडपाण्यात विक्रिया घडवून आणील की नाही, हे प्रयोगाआधी गणिताने कळले, तर खर्च व प्रदूषण दोन्ही घटू शकतील. परंतु अशा गणितास त्रुटी-दुरुस्ती असलेले हजारो क्यूबिट लागतील आणि असे यंत्र अद्याप जगात कोठेही नाही. याच्या उलट, गुप्तलेखनाची बाब आजच निकडीची आहे. आज चोरून साठविलेले संदेश उद्याच्या यंत्राने उलगडता येतील. यामुळे अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये पुंज संगणकाला दाद न देणाऱ्या गुप्तलेखनाची पहिली मानके प्रसिद्ध केली. वित्तीय व्यवहारांचे केंद्र असलेल्या मुंबईस हा बदल टाळता येणार नाही.

परावलंबनाचा प्रश्न या क्षेत्रातही उरतोच. क्यूबिट मुंबईत घडविता आले, तरी ते थंड करणारी विरलन प्रशीतके बहुतांशी फिनलंड, इंग्लंड इ. देशांतून येतात. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने पुंज संगणक व त्यांना लागणाऱ्या शीतन-साधनांच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली. विरलन प्रशीतकात हीलियम-४ बरोबर हीलियम-३ हा दुर्मिळ समस्थानिक लागतो. निसर्गात तो नगण्य प्रमाणात आढळतो व मुख्यतः ट्रिटियमाच्या क्षयातून मिळवावा लागतो. ट्रिटियमाचा अर्धायुकाल सु. १२.३ वर्षे आहे. जड पाण्याच्या अणुभट्टीत ड्यूटेरियमाने न्यूट्रॉन शोषला की ट्रिटियम तयार होते. कॅनडात अशा अणुभट्ट्यांच्या जड पाण्यातून ते वेगळे काढून साठवितात व त्यापासून हीलियम-३ मिळवितात. तारापूरची ३ व ४ ही एकके याच प्रकारची असल्याने त्यांच्या जड पाण्यातही ट्रिटियम साचत असते.